उभे सोडणे आणि उभे राहणे

थंडीचे दिवस सुरू झाले की महाराष्ट्रातील शहरांतून खाद्यजत्रांना बहर येतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे पुण्यात भरणारी भीमथडी जत्रा, राज्याच्या ग्रामविकास विभागातर्फे मुंबईत भरणारे 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन आणि उपनगरांच्या मैदानांवरील लहानमोठ्या मालवणी जत्रा आता आपल्याही कुटुंबांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. खानदेशातील भगिनी उपड्या खापरावर मांडे भाजत असतात, शेजारी वांग्याचे भरीत असते, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा असतो, कोकणचे कोंबडी-वडे आणि सोलकढी असते. एका कडेला मंच असतो. वासुदेव येऊन जातो, कोणी पोवाडा गातो, दिवस कलला की ढोलकी आणि पेटीचे सूर साऱ्या मैदानावर पसरतात. दुपारी दोन वाजता आत गेलेले कुटुंब दिवेलागणीलाच बाहेर पडते.

अशा ठिकाणी मुस्लिम कुटुंबाने जावे काय, हा प्रश्न दरवर्षी या सुमारास विचारला जातो. विचारणारा बहुधा बाप असतो आणि त्याच्या मागे मुलांचा हट्ट असतो. उत्तर देणारेही ठरलेले आहेत. एक म्हणतो, तेथे गाणे-बजावणे चालते, स्त्री-पुरुषांची सरमिसळ असते, कोंबडी कोणी कापली हे ठाऊक नसते. सबब जाऊ नये. दुसरा हसून म्हणतो, अहो, चार घास खायला जाण्यात दीन कोठून आला? वरकरणी ही दोन टोके वाटतात. परंतु दोघांची मूळ समजूत एकच आहे. दोघांच्याही मनात दीन म्हणजे एक कुंपण आहे. पहिल्याला ते जत्रेच्या अलीकडे दिसते, दुसऱ्याला पलीकडे. कुंपणाच्या आत आल्यावर माणसाने कसे वागावे, याविषयी दोघेही काही बोलत नाहीत.

आपल्या फिकहशास्त्राने मानवी कृत्यांच्या ज्या श्रेणी मानल्या, त्यांत फर्ज आणि मुस्तहब एका बाजूस, मकरूह आणि हराम दुसऱ्या बाजूस, आणि मधोमध 'मुबाह' आहे: जे केल्याने पुण्य नाही आणि न केल्याने पाप नाही. हिशेब केला तर आपल्या आयुष्याचे बहुतेक तास या मधल्या पट्ट्यातच जातात. झोप, जेवण, फेरफटका, गप्पा, खरेदी, सहल. मग हे सारे तास नैतिकदृष्ट्या रिकामे समजायचे काय? मुलांसोबत घालविलेल्या एका दुपारला अल्लाहपाशी काही वजन आहे की नाही? प्रश्न जत्रेचा दिसतो, पण तो खरा असा आहे.

यावर विचार करताना कुरआनातील एक प्रसंग वारंवार डोळ्यांपुढे येतो. सूरह जुमुआची अखेरची आयत (६२:११) मदीनेतील एका शुक्रवारी घडलेल्या घटनेसंबंधी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) खुतबा देत उभे होते. इतक्यात धान्य घेऊन एक काफिला शहरात आला. काफिला आला की त्याची वार्ता देण्यासाठी ढोल वाजत, असे तफसीरकारांनी नोंदविले आहे. लोक उठले आणि तिकडे धावले. सहीह बुखारीतील हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार मशिदीत केवळ १२ माणसे उरली. धान्याचा काफिला आणि ढोलाचा आवाज! खाद्यपदार्थ आणि वाद्य या दोहोंच्या ओढीने माणसे उठून गेल्याचा हा प्रसंग आपल्या विषयाच्या किती जवळचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता या आयतीत दोष कशाला दिला आहे, ते बारकाईने पाहावे. धान्य खरेदी करणे हराम म्हटलेले नाही; कसे म्हणतील? त्याच्या आधीच्याच आयतीत (६२:१०) नमाज आटोपल्यावर पृथ्वीवर पांगून अल्लाहची कृपा शोधण्यास सांगितले आहे. त्या काळी मदीनेत टंचाई होती, भाव चढलेले होते, असेही तफसीरग्रंथांत आढळते. म्हणजे धावणाऱ्यांची गरज खोटी नव्हती. मूळ अरबीतील सर्वनाम 'व्यापारा'कडे निर्देश करणारे असल्याने लोक मुख्यतः धान्यासाठीच धावले, ढोलासाठी नव्हे, असाही अर्थ विद्वानांनी काढला आहे. एका कथनानुसार तर त्या काळी जुमुआचा खुतबा ईदप्रमाणे नमाजेनंतर होत असे, त्यामुळे नमाज झाली आहे, आता उठण्यात काही गैर नाही, असे त्यांना वाटले. म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे ते मुबाहच्या क्षेत्रातच होते! तरीही आयत उतरली. तिच्यातील ठपक्याचा शब्द 'धान्य' नाही, 'ढोल' नाही. ठपका आहे तो, लोकांनी प्रेषितांना (स.) उभे सोडले, या गोष्टीचा.

जत्रेसंबंधीचा प्रश्न मग बदलतो. तेथे काय आहे, हे पाहावेच लागते. पण त्याहून आधी हे पाहावे लागते की तेथे जाताना आपण कोणाला उभे सोडून निघालो आहोत.

याच्या जोडीला दुसरा प्रसंग ठेवावासा वाटतो. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदे नबवीत भाले आणि ढाली घेऊन खेळ करीत होते. आदरणीय माता आएशा (रजि.) यांना तो पाहावयाचा होता. प्रेषित (स.) त्यांना आड करून उभे राहिले आणि त्यांच्या खांद्याआडून त्या पाहत राहिल्या. किती वेळ? माता आएशा (रजि.) स्वतः सांगतात की, आपणच कंटाळेपर्यंत. ते थकून बसले नाहीत, झाले काय पाहून, असे म्हणाले नाहीत. हा प्रसंग सांगून त्या ऐकणाऱ्यांना बजावतात की, कोवळ्या वयाच्या, मौजेची आवड असलेल्या मुलीची कदर करावी. बुखारीतील या कथनात मौजेसाठी त्यांनी जो शब्द वापरला आहे, तो 'लह्व' आहे. आणि सूरह जुमुआच्या त्या आयतीतही करमणुकीसाठी 'लह्व' हाच शब्द आहे. एकाच शब्दाची ही दोन दृश्ये. एकीकडे लह्वसाठी लोकांनी त्यांना उभे सोडले. दुसरीकडे घरातील एका व्यक्तीच्या लह्वसाठी ते स्वतः उभे राहिले.

प्रस्तुत लेखकाच्या मते मुबाहचे सारे नीतिशास्त्र या दोन दृश्यांच्या मध्ये सामावले आहे, आणि आपल्या घरांतून नेमकी येथेच गफलत होते. आपल्याकडे जत्रा-मेळ्यांची मनाई बहुधा स्त्रियांपुरती उरली आहे. पुरुष मित्रमंडळींसह हॉटेलांत जातात, रात्री उशिरापर्यंत नाक्यावर बसतात, क्रिकेटचे सामने पाहण्यास जातात. त्या वेळी सरमिसळीचा किंवा संगीताचा मुद्दा कोणाला आठवत नाही. पत्नीने किंवा मुलीने जत्रेचे नाव काढले की फितन्याची सगळी कलमे एका दमात सांगितली जातात. कलमे खोटी नाहीत. पण जी शिस्त केवळ दुसऱ्यासाठी आठवते, तिला तकवा म्हणता येईल काय? मर्यादा सांगणे पुरुषाचे काम असेल, तर आड करून उभे राहणे हेही त्याचेच काम आहे. आणि आपल्या घरांतून या दुसऱ्या कामाचा प्रघात फारसा दिसत नाही. पुरुष वर्षभर जे सहज उपभोगतो, तेच मागणाऱ्या स्त्रीला त्याची परवानगी काढावी लागते, आणि ती मिळाली तरी दोन दिवस उपकाराची भाषा ऐकावी लागते.

मेळा ही गोष्ट इस्लामला अपरिचित नाही, हेही ध्यानात घ्यावे. ताइफजवळील उकाज, तसेच मजन्ना आणि जुल-मजाज हे अज्ञानकाळातील मोठे बाजार होते. तेथे खरेदी-विक्री होई, कबिले आपापल्या कवींना घेऊन येत, काव्याची चढाओढ लागे, पूर्वजांच्या फुशारक्या चालत. इस्लाम आल्यावर हजच्या काळात तेथे व्यापार करणे पाप ठरेल की काय, अशी शंका मुस्लिमांना वाटू लागली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात की, त्यावर सूरह बकराची १९८वी आयत उतरली आणि आपल्या पालनकर्त्याची कृपा शोधण्यात दोष नाही, हे स्पष्ट झाले. हिजरतीपूर्वीच्या कठीण वर्षांत स्वतः प्रेषित (स.) याच बाजारांतून कबिल्यांच्या तळांवर जाऊन सत्याचे आवाहन करीत असत. ज्या जागी मूर्तींचा गौरव होई, मद्य पिले जाई, त्या जागी ते गेले. कशासाठी गेले, हा फरक अर्थातच आकाशपाताळाचा आहे. आपण भरीत खायला जातो. तरीही जागेला अंगभूत अपवित्रता चिकटविण्याची जी घाई आपल्याला असते, ती त्यांच्या आचरणात दिसत नाही. अल्लाहला सर्वांत प्रिय जागा मशिदी आणि सर्वांत अप्रिय बाजार, ही हदीसही आहेच. बाजारात पाय ठेवताना ती मनात असावी.

आता संगीत. यावर बोलण्याचे टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चारही इमामांच्या पंथांतील बहुसंख्य विद्वानांनी वाद्ये नाजायज मानली आहेत. ईद आणि विवाहाच्या प्रसंगी डफ तेवढा अपवाद. त्यांचा मुख्य आधार सहीह बुखारीतील ती हदीस आहे, जिच्यात रेशीम आणि मद्याबरोबर वाद्येही हलाल मानणारे लोक पुढे निपजतील, अशी पूर्वसूचना दिली आहे. सूरह लुकमानमधील (३१:६) 'लह्वल-हदीस' म्हणजे गाणेच, असे हजरत इब्ने मसऊद (रजि.) शपथेवर सांगत. याच्या उलट अंदलूसच्या इमाम इब्ने हज्म (रह.) यांनी त्या हदीसच्या सनदीवर आक्षेप घेतला, आणि लुकमानच्या आयतीतील दोष अल्लाहच्या मार्गापासून भटकविण्याच्या हेतूला आहे, असे प्रतिपादिले. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये श्रवणावर स्वतंत्र प्रकरण लिहून अनुमतीला अटी घातल्या: गाणारा कोण, वाद्य कोणते, शब्द कसले, आणि ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था काय. आपल्या काळात अल्लामा युसुफ अल्-करजावी यांनीही सशर्त अनुमतीचे मत मांडले.

या वादात एक छोटा प्रसंग दोन्ही बाजूंनी पुढे केला जातो. हजरत इब्ने उमर (रजि.) रस्त्याने जात असता मेंढपाळाच्या बासरीचा आवाज आला. त्यांनी कानांत बोटे घातली, वाट बदलली, आणि सोबतच्या नाफेअ (रह.) यांना ते विचारीत राहिले, अजून ऐकू येते काय? आवाज थांबल्यावर बोटे काढून म्हणाले की, आपण प्रेषितांना (स.) असेच करताना पाहिले आहे. ज्यांनी हे कथन आपल्या ग्रंथात घेतले, त्या इमाम अबू दाऊद (रह.) यांनी स्वतःच ते 'मुन्कर' म्हटले, इतरांनी स्वीकारले. मनाई मानणारे म्हणतात, पाहा, कान बंद केले. अनुमती मानणारे म्हणतात, पाहा, नाफेअ ऐकत राहिले आणि मेंढपाळाला कोणी रोखले नाही. संगीताबाबत कठोर असणाऱ्या इमाम इब्ने तैमिया (रह.) यांनी येथे जो भेद केला, तो खाद्यजत्रेत फार उपयोगी पडतो: कानावर पडणे वेगळे, आणि कान देऊन ऐकणे वेगळे.

हातात थालीपीठ घेऊन चालताना मैदानाच्या पलीकडून ढोलकी कानावर आली, तर त्याचा गुन्हा कोणावर नाही. खुर्ची ओढून मंचासमोर बसावयाचे की नाही, हे ज्या विद्वानांच्या मतावर आपला विश्वास आहे, त्यानुसार ठरवावे. मात्र जत्रेच्या दिवशी सोयीचे मत आणि एरवी दुसरे मत, असे करू नये. मनाई मानणाऱ्याने दूरच्या कडेला बसावे. खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या मुस्लिम भावाला मात्र त्याने फासिक ठरवू नये. ईदच्या दिवशी दोन मुली माता आएशा (रजि.) यांच्या घरी गात होत्या, तेव्हा प्रेषित (स.) तोंड फिरवून पहुडले होते; हजरत अबू बक्र (रजि.) रागावले, तेव्हा त्यांनी मुलींना गाऊ देण्यास सांगितले. स्वतः तोंड फिरविणे आणि दुसऱ्याला थांबवू न देणे, ही दोन्ही एकाच वेळी शक्य आहेत. अनुमती मानणाऱ्यांनीही गझालींचे अर्धेच वाक्य उचलू नये. अश्लील हावभावांच्या नाचगाण्याला त्यांच्या अटींत कोठेही जागा नाही. आणि गोंधळ हा केवळ लोककलेचा प्रकार नसून देवीच्या उपासनेचा विधी आहे, हे ओळखून तेथून शांतपणे बाजूला व्हावे. टवाळी न करता, कारण इतरांच्या आराध्यांना अपशब्द बोलण्यास कुरआनने (६:१०८) मना केले आहे. एक गोष्ट जाता जाता सांगावी. या मंचाकडे आपण परकेपणाने पाहतो खरे, पण मराठी शाहिरीत सगनभाऊंपासून शाहीर अमर शेखांपर्यंत आपल्याच समाजातील माणसे डफ घेऊन उभी राहिलेली आहेत. त्यामुळे हुकूम बदलत नाही. पण हा प्रश्न बाहेरून आला, असेही म्हणता येत नाही.

भोजनाच्या बाबतीत मर्यादा अधिक स्पष्ट आहेत. ज्या महोत्सवात मद्याचे दालन मांडलेले असेल, तेथे सहकुटुंब बसून जेवू नये. ज्या दस्तरखानावर मद्य फिरते तेथे बसण्यास हदीसमध्ये मनाई आहे. बचत गटांच्या जत्रांत हा प्रश्न येत नाही. तेथे प्रश्न येतो तो मांसाचा. जिबह शरीअतप्रमाणे झाल्याची खात्री नसेल तर कोंबडी-वड्यांतील कोंबडी सोडावी, शंकास्पद सोडून देणाऱ्याने आपला दीन आणि अब्रू दोन्ही वाचविली, हे हजरत नोअमान बिन बशीर (रजि.) यांच्या हदीसवरून आपण जाणतोच. वडे तळलेले तेल आणि मांस तळलेले तेल एकच आहे काय, हेही विचारावे. मांडे, भरीत, पिठले-भाकरी, हुरडा, उकडीचे मोदक, एवढे असताना उपाशी कोणी राहत नाही. मात्र विचारण्याची रीत महत्त्वाची. "ताई, आम्ही हलालच खातो, यात काय काय आहे?" असे सरळ विचारले तर कोणतीही गृहिणी आनंदाने सांगते. नाक मुरडून, पदार्थाकडे बोट दाखवून, मुलांना मोठ्याने "हे आपले नाही" म्हणून ओढून नेणे, यात तकवा कमी आणि तुसडेपणा अधिक.

येथे घोरपडीसारख्या एका प्राण्याची हदीस आठवते. अरबीत त्याला 'दब्ब' म्हणतात. माता मैमूना (रजि.) यांच्या घरी तो भाजून वाढला गेला. काय आहे हे कळताच प्रेषितांनी (स.) हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले, हे हराम आहे काय? उत्तर मिळाले की नाही. आपल्या लोकांच्या प्रदेशात हा आढळत नाही, म्हणून मन घेत नाही. खालिद यांनी ते ताट पुढे ओढले आणि प्रेषित (स.) पाहत असता खाल्ले. प्रादेशिक खाद्यसंस्कृतीवर याहून सुंदर शिकवण शोधून सापडणार नाही. 'मला आवडत नाही' आणि 'अल्लाहने मना केले आहे' या दोन वाक्यांत त्यांनी सरमिसळ होऊ दिली नाही. आपल्याला परक्या चवीचा तिटकारा येतो आणि आपण त्याला दीनचे नाव देतो. कोकणातील आपल्या घरी सांदण आणि घावणे आहेत, मराठवाड्यातील घरी ज्वारीची भाकरी आहे. एकाला दुसऱ्याचे ताट चमत्कारिक वाटते, मग शेजारच्या समाजाचे तर वाटणारच. मुलांना ही दोन वाक्ये वेगळी ठेवण्यास शिकविण्यासाठी खाद्यजत्रेसारखी शाळा नाही.

आता पुन्हा उभे सोडलेल्यांकडे वळावे. गुडघे दुखतात म्हणून घरी ठेवलेली आई, जिला कोणी विचारलेच नाही. स्टॉलमागील ती भगिनी, जी सकाळपासून चुलीपुढे उभी आहे. शंभर रुपयांच्या ताटात दहा रुपये कमी करवून घेण्यासाठी आपण तिच्याशी झगडतो आणि त्याच हाताने मुलांसाठी तिप्पट भावाचे थंड पेय विनातक्रार घेतो. ताटात टाकलेले अन्न. खा-प्या परंतु अतिरेक नको, या आशयाची आयत (७:३१) भिंतीवर फ्रेम करून लावणाऱ्या घरांतील ताटेही कचऱ्याच्या पिंपापाशी तशीच अर्धी भरलेली दिसतात. आणि आपल्यापैकी कोणी बिर्याणीचा स्टॉल लावला असेल, तर धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारे प्रेषित (स.) त्याने विसरू नयेत.

राहिली नमाज. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाफई कुटुंबाची असर चारच्या आधीच सुरू होते, हनफींची त्यानंतर सुमारे पाऊण तासाने; म्हणजे एकाच जत्रेत कोकणी पाहुणा उठतो तेव्हा औरंगाबादकडचा यजमान अजून भरीताची चौकशी करीत असतो. मगरिब मात्र दोघांची एकदमच येते, वेळ थोडा असतो, आणि मंचावरचे वाद्यही नेमके तेव्हाच चढू लागते. वुजू घरूनच करून निघावे, कारण अशा मैदानांत नळापाशी रांग असते. एक चटई गाडीत टाकावी. जाण्यायेण्याची वाट सोडून मैदानाच्या कडेची जागा दुपारीच पाहून ठेवावी, मुलांनाच ती शोधायला लावावी. पिशव्या, ताटे आणि धाकटी मुले कोणीतरी सांभाळावी लागतात. तेव्हा पुरुषांनी आणि स्त्रियांनी दोन पाळ्या कराव्यात, आणि पहिली पाळी स्त्रियांना द्यावी. तोवर पुरुषांनी उभे राहावे.